सीयूसीव्ही एम १००८: ऑफ-रोडसाठी तयार करून अकरा महिने वापरल्यावर

माझी एम १००८ १९८५ची आहे. अमेरिकी लष्करातून निवृत्त झालेली, लांब हौद्याची पिकअप, पुढच्या बंपरवर ओढण्याच्या कड्या अजून जागच्या जागी. ऑफ-रोडसाठी तयार करून तिला अकरा महिने झाले. या काळात साडेआठ हजार किलोमीटर झाले, त्यातले निम्म्याहून जास्त कच्च्या वाटा, ओढे आणि दगड. या गाडीवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच काय चुकलं ते आधी लिहितो. ज्या कामावर मी सर्वांत जास्त वेळ घालवला, तेच मला पुढे उलटं करावं लागलं.

ही गाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९८४ ते १९८७ या मॉडेलवर्षांत जनरल मोटर्सने अमेरिकी सैन्यासाठी आपलेच नागरी पिकअप जड सुटे भाग घालून बनवले, ते सीयूसीव्ही. त्यातली एम १००८ म्हणजे सव्वा टनी मालवाहू. ६.२ लिटरचं व्ही-८ डिझेल, १३५ अश्वशक्ती, टर्बो नाही. टीएच ४०० हा तीन गिअरचा ऑटोमॅटिक, मागे एनपी २०८ ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलना वाटणारा खोका. पुढे डाना ६० ॲक्सल, मागे १४ बोल्टचा फुल फ्लोटिंग ॲक्सल आणि त्यात कारखान्यातूनच आलेला डेट्रॉइट लॉकर, जो एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला ताकद देत राहतो. दोन्ही ॲक्सलच्या गिअरचं गुणोत्तर ४.५६. दुसऱ्या पिकअपवर लोक महिनोन्‌महिने खपून जे ॲक्सल बसवतात, ते हिच्याखाली पहिल्या दिवसापासून आहेत. मागचा ॲक्सल फुल फ्लोटिंग असल्यामुळे गाडीचं वजन हबवर पडतं, शाफ्टवर नाही. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहतं, आणि चाक न काढता शाफ्ट बाहेर ओढता येतो. पुढचा एअर लॉकर सोडला, तर अकरा महिन्यांत या दोन ॲक्सलमध्ये तेल, ग्रीस आणि सील याशिवाय मी काहीही घातलेलं नाही.

माझी चूक झाली ती स्प्रिंगमध्ये. गाडी हातात आली तेव्हा मला ती उंच हवी होती. चार इंच उंची देणारे जाड, मोजकेच स्प्रिंगचे पाटे चारही कोपऱ्यांना बसवले, ३५ इंची टायर घातले. उभी असताना गाडी देखणी दिसायची. पण मुळातच ही गाडी सुमारे तेराशे किलो माल वाहण्यासाठी बांधलेली आहे. रिकामी असताना मूळ पाटेसुद्धा हलायला तयार नसतात, आणि मी त्याहून ताठ पाटे घातले होते. तिसऱ्याच फेरीत एका तिरक्या चरात पुढचं उजवं चाक जमिनीपासून गुडघाभर वर लटकलं. मित्र बाहेर उभा राहून खुणा करत होता. तो ओरडला, "अरे थांब, मागचं डावंही सुटतंय!" उतरून पाहिलं तर पाटे जवळपास सरळच होते. गाडी दोन चाकांवर टेबलासारखी डुगडुगत होती. त्या चरातून तशीच साधी, पण मऊ स्प्रिंगची मित्राची गाडी चारही चाकं टेकवत निघून गेली.

त्यानंतर मी सगळं काढलं. पुढे अडीच इंच उंची देणारे, पातळ आणि संख्येने जास्त असलेले पाटे घेतले. मागच्या गठ्ठ्यातला जड मालासाठीचा तळाचा पाटा आणि त्यावरचा आणखी एक काढून टाकला. दोन पाट्यांच्या टोकांमध्ये घर्षण कमी करणाऱ्या चकत्या बसवल्या. उंची कमी झाल्यामुळे टायर मडगार्डला लागायला लागले, म्हणून मडगार्डची खालची कड कापून आत वळवली. पत्रा कापताना हात थरथरत होता, पण अकरा महिन्यांतलं सर्वांत चांगलं काम तेच ठरलं. आता चाक वर-खाली जातं, गाडी खालीच राहते, आणि आडव्या उतारावर पोटात गोळा येत नाही. अशी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: आधी तिला मऊ करा, उंची त्यानंतर जेवढी लागेल तेवढीच द्या. मागे नेहमी पाव टनाहून जास्त सामान असणार असेल तर मात्र मागचे पाटे काढू नका.

उंचीने आणखी एक दुखणं दिलं, आणि ते मी वेळेवर पाहिलं म्हणून बरं. हिच्यात स्टिअरिंगचा दांडा पुढे-मागे ढकलणारा आहे. गाडी उंच केली की तो दांडा तिरका होतो, आणि खड्ड्यात ॲक्सल वर गेला की स्टिअरिंग आपोआप खेचलं जातं. मोठ्या टायरचा तोच झटका स्टिअरिंग बॉक्समधून थेट चेसिसवर बसतो. एकदा चिखल धुतल्यावर बॉक्सच्या खालच्या बोल्टपासून निघालेली केसाएवढी तांबूस रेघ दिसली. आधी वाटलं, गंजाचं पाणी ओघळलंय. बोट फिरवलं तर नख अडकलं. या पिढीच्या जीएम पिकअपमध्ये मोठे टायर घातल्यावर चेसिस नेमकी इथेच चिरते. चिरेच्या टोकाला छोटं भोक पाडून ती थांबवली, खाच करून वेल्डिंग केलं, वरून जाड पट्टी लावली आणि बॉक्सपासून चेसिसच्या आडव्या तुळईपर्यंत (क्रॉस मेंबर) आधार दिला. तुमची गाडी ताजी असली तरी टायर बदलण्याआधी ती पट्टी लावून घ्या. आणि प्रत्येक धुण्यानंतर तिथे टॉर्च मारून बघा.

टायरबद्दल चांगली गोष्टही सांगायला हवी. मूळ २३५/८५ आर १६च्या जागी ३५ इंची घातल्यावर ४.५६चं गुणोत्तर व्यवहारात ४.१च्या आसपास येतं. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनचे फेरे कमी करणारा वरचा गिअर, नसल्यामुळे ताशी १००ला इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर ओरडायचं, ते आता साधारण २७००वर आलंय. चढावर ताकद थोडी कमी जाणवते, पण लो रेंजमध्ये (ट्रान्सफर केसच्या संथ, ताकदीच्या गिअरमध्ये) फरक कळतसुद्धा नाही. दगडांवर मी हवा १८ पीएसआयवर आणतो, वाळूत १४वर. रिमला बीडलॉक, म्हणजे टायरची कड घट्ट धरणारी कडी, नाही, म्हणून त्याखाली जात नाही.

विजेचं प्रकरण या गाडीत वेगळंच आहे. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, दोन अल्टरनेटर, डॅशवर त्यांचे जेन १ आणि जेन २ असे दोन दिवे. स्टार्टर २४ व्होल्टवर, बाकी जवळपास सगळं १२ व्होल्टवर. थंड डिझेल इंजिन सुरू होण्यासाठी आत तापणाऱ्या आठ ग्लो प्लगसाठीची वीज २४ व्होल्टमधून रेझिस्टरने कमी करून दिलेली असते. रिले चिकटला की प्लग तापतच राहतात, त्यांची टोकं फुगतात आणि बाहेर निघत नाहीत. माझे दोन तसेच अडकले होते. एकाचं टोक आत तुटून पडेल या भीतीने मी अख्खी दुपार हळूहळू फिरवत तो काढला. मग रेझिस्टर वगळला, प्लगना थेट १२ व्होल्ट दिले, न फुगणारे प्लग बसवले, आणि रिले हातबटणावर घेतला. थंड सकाळी बटण दाबून दहा मोजतो आणि चावी फिरवतो. अकरा महिन्यांत एकदाही सुरू व्हायला नकार दिलेला नाही.

विंचचा, म्हणजे अडकलेली गाडी ओढून काढणाऱ्या विजेच्या रहाटाचा, निर्णय मला अजून आवडतो. १२ व्होल्टचा विंच एकाच बॅटरीवर टाकला असता तर दोघींचा समतोल बिघडला असता. मी २४ व्होल्टचा घेतला. दोन्ही बॅटऱ्या सारख्याच खर्च होतात आणि तेवढ्याच ओढीला करंट निम्मा लागतो. ज्यादा दिवे आणि रेडिओ मात्र १२ व्होल्टवर आहेत, आणि ते इंजिन बंद असताना जास्त वेळ लावले की एक बॅटरी मागे पडते. म्हणून महिन्यातून एकदा दोन्ही सुट्या करून वेगवेगळ्या चार्ज करतो.

पाण्याने एकदा धडा शिकवला. लांबच्या धावेनंतर तापलेले ॲक्सल थेट ओढ्यात घातले. थंड पाण्याने आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. पुढच्या आठवड्यात मागच्या हाऊसिंगचा प्लग खोलला तर तेल दुधाळ होऊन खाली आलं, बोटांत चोळलं तर साबणासारखं. दोनदा धुऊन तेल भरलं. आता दोन्ही ॲक्सल, गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या श्वासनळ्या रबरी पाइपने बॉनेटच्या वर नेल्या आहेत. पाण्याआधी दहा मिनिटं थांबतोही.

ऑटोमॅटिकच्या तेलाचं तापमान दाखवणारा मीटर लावल्यावर माझं चालवणंच बदललं. चढावर हाय रेंजमध्ये रेंगाळलं की काटा झरझर वर जातो. लो रेंजला २.६१चं गुणोत्तर मिळतं, इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणारा कन्व्हर्टर कमी घसरतो, तेल थंड राहतं. रेडिएटरपुढे वेगळा ऑइल कूलरही घातला आहे. एनपी २०८ काढून लोखंडी एनपी २०५ घालायचा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. ती केस दणकट आहे, मान्य. पण तिची लो रेंज १.९६ आहे. तीन गिअरच्या या गाडीत मला ताकदीपेक्षा संथपणा जास्त हवा, म्हणून २०८च ठेवली. ॲल्युमिनियमच्या खोक्याला दगड लागू नये म्हणून खाली जाड प्लेट बसवली.

एक खोड अजून सुटलेली नाही. ब्रेकची मदत आणि पॉवर स्टिअरिंग एकाच पंपावर चालतात. दगडांवर इंजिन आयडलवर असताना ब्रेक दाबून स्टिअरिंग पूर्ण वळवायला गेलं की ते अचानक जड होतं. मोठा पंप आणि स्टिअरिंगच्या तेलाला छोटा कूलर घातल्यावर त्रास कमी झाला, गेला नाही. मी आता तशा जागी थोडा ॲक्सिलेटर देतो, डावा पाय ब्रेकवर ठेवतो.

मागचा लॉकर चिखलात देवासारखा धावून येतो. ओल्या, आडव्या उतारावर मात्र दोन्ही मागची चाकं एकदमच सुटतात आणि शेपूट खाली घसरते. तिथे ॲक्सिलेटरवर हलका पाय ठेवावा लागतो, आणि पुढची हब हाताने लॉक करून फोर व्हील आधीच लावावी लागते, घसरल्यावर नाही. पुढे मी बटणाने चालणारा एअर लॉकर घातलाय, तो मोजक्याच वेळा वापरला.

पुढचं काम मागच्या ड्रमचं आहे. चिखल आत गेला की दोन दिवस करकरतात आणि ब्रेक एका बाजूला ओढतो, म्हणून तिथे डिस्क बसवणार आहे. त्याच वेळी पुढची चाकं ज्यांवर वळतात त्या किंगपिनचे वरचे बुश उघडून बघायचे आहेत. गेल्या महिन्यापासून ताशी ७०च्या आसपास खड्डा लागला की स्टिअरिंग क्षणभर थरथरतं, आणि डावं चाक हाताने हलवलं की वर बारीक टकटक जाणवते.