उद्यमबागेतला कारखाना, शहरातली शोरूम की शिनोळी : नवी नोकरी धरताना रजेचा हिशोब

आयटीआय नाहीतर डिप्लोमा संपवून बेळगावात काम शोधणाऱ्या पोरापोरींपुढं साधारण तीन वाटा असतात. उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतली फौंड्री किंवा मशिन शॉप, शहरातली शोरूम-ऑफिसं, आणि बाची ओलांडली की महाराष्ट्राच्या हद्दीतली शिनोळी, त्यापुढं कोल्हापूर. मुलाखतीत पगार विचारला जातो, पीएफ विचारला जातो. रजेचं विचारायला मात्र पोरं कचरतात, कारण आधीच रजेचं विचारलं तर कामचुकार समजतील अशी भीती असते. मग पहिल्याच गणपतीत खाडे पडतात आणि महिन्याच्या शेवटी पगार कापून हातात येतो. म्हणून विचाराच. आणि वर्षाला रजा किती एवढ्यावर थांबू नका, ती कधीपासून मिळते तेही विचारा. पहिल्या वर्षी खरा फरक तिथंच पडतो.

कारखान्याचं आधी बघू. हक्काची भरपगारी रजा दर २० दिवस कामामागं एक दिवस. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात त्यासाठी वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि ही अट १८० दिवसांवर आली. टाईम ऑफिसात अजून कोणी २४० सांगत असेल तर नव्या संहितेचं नाव घेऊन शांतपणे विचारा. समजा वर्षात २६० हजेऱ्या भरल्या, तर १३ दिवस रजा. रोज ६०० रुपये पडत असेल तर ही ७,८०० रुपयांची गोष्ट झाली. शिल्लक रजा ३० दिवसांपर्यंत पुढच्या वर्षी ओढता येते, आणि नव्या संहितेप्रमाणं वर्षाअखेरीस मागणी करून तिचे पैसेही घेता येतात. मागितली आणि नाकारली, असं झालं तर ती रजा बुडत नाही. त्यासाठी अर्ज तोंडी नको, कागदावर द्या आणि एक प्रत स्वतःकडं ठेवा.

अडचण आहे ती सुरुवातीच्या महिन्यांची. दिवस भरेपर्यंत हक्काची रजा हातात येत नाही, आणि किरकोळ रजा कारखान्याच्या या कायद्यात नाहीच. कंपनी देत असेल तर ती तिच्या नियमानं किंवा युनियनच्या कराराप्रमाणं. आजारपणाला ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा आहे. पगार २१,००० पर्यंत असेल तर तुमचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के भरले जातात. औषधोपचार पहिल्या दिवसापासून, पण आजारपणाचा भत्ता (पगाराच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) नव्या माणसाला साधारण नऊ महिन्यांनी सुरू होतो, तोही सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरली असेल तर. तोवर टायफॉइड झाला तर दिवस बिनपगारीच जातात.

शोरूमचा पगार पुष्कळदा कमी असतो, पण रजेच्या बाबतीत तिथं एक चांगली गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. कर्नाटकच्या १९६१ च्या दुकाने आणि व्यापारी आस्थापना कायद्यात आजारपण, अपघात किंवा इतर रास्त कारणासाठी वर्षाला १२ दिवस भरपगारी रजा आहे, आणि ती नोकरीच्या पहिल्या बारा महिन्यांपासूनच लागू होते. शिवाय २० दिवसांमागं एक ही रजा वेगळी, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते. घरी म्हातारे आई-वडील असतील, दवाखान्याच्या फेऱ्या असतील, तर पहिल्या वर्षी या १२ दिवसांची किंमत हजार-दीड हजार जादा पगारापेक्षा मोठी आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. ही १२ दिवसांची रजा बहुतेक ठिकाणी साठत नाही. वर्षात वापरली नाही तर गेली.

सणाच्या सुट्ट्यांत कारखाना आणि दुकान सारखेच. कर्नाटकच्या १९६३ च्या कायद्यानं वर्षाला किमान १० भरपगारी सुट्ट्या आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर आणि सणांच्या पाच. त्या दिवशी कामावर बोलावलं तर दुप्पट पगार, नाहीतर पगारासोबत बदली सुट्टी. पाच सण कोणते, हे वर्षाच्या यादीवर ठरतं. आपल्याकडं शिवजयंती वैशाखात होते आणि चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला उभं राहणं किती जिवावर येतं ते बेळगावकराला सांगायला नको. यादीत तो दिवस आहे का, हे रुजू होण्याआधी बघून घ्या.

बाची, तुरमुरी, कुद्रेमानीच्या पोरांना शिनोळी जवळ पडते. कारखान्याची हक्काची रजा तिथंही तीच, कारण कायदा केंद्राचा. सणाच्या सुट्ट्यांसाठी मात्र कर्नाटकाचा कायदा हद्दीपलीकडं चालत नाही. तिथं कंपनीची यादी आणि करार बघायचा. कोल्हापुरात दुकानात किंवा ऑफिसात लागलात तर महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा: ८ किरकोळ रजा, ८ सणाच्या सुट्ट्या. पण त्याला कामगारसंख्येची अट आहे, छोट्या दुकानाला तो लागत नाही.

मुलींसाठी आणखी एक. कर्नाटक सरकारनं नोव्हेंबर २०२५ मध्ये मासिक पाळीसाठी महिन्याला एक भरपगारी दिवस देण्याचा आदेश काढला. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, त्यामुळे निव्वळ त्यावर निर्णय घेऊ नका. विचारा मात्र जरूर. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा दोन्ही राज्यांत आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. ईएसआयमध्ये असाल तर तो लाभ तिकडून, वर्गणीच्या अटीवर.

डिप्लोमावाल्यांनी नेमणूक पत्रातलं पद नीट वाचावं. ‘सुपरवायझर’ म्हणून घेतलं आणि पगार महिना १८,००० च्या वर असेल, तर संहितेच्या व्याख्येत तुम्ही कामगार राहत नाही, आणि २० मागं एक हा हक्क पत्रात जे लिहिलंय त्यावर येऊन ठेपतो. पद ऐकायला बरं वाटतं, म्हणून सही करू नका. रजेचं कलम मागा, आणि पत्र कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर घरी नेऊन कोणाकडून तरी समजून घ्या. नेमणूक पत्र देणं आता मालकाला बंधनकारक आहे.

कॉन्ट्रॅक्टरमार्फत लागणाऱ्यांची रजा सगळ्यात जास्त बुडते. कॉन्ट्रॅक्टर बदलला की हजेरी नव्यानं सुरू, आणि जुन्याकडची शिल्लक कोणी काढत नाही. त्याच गेटातून, त्याच मशिनवर काम चालू असलं तरी जुन्या कॉन्ट्रॅक्टरकडून फायनल हिशोबात त्या रजेचे पैसे मागा. त्यानं मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. नोकरी तुम्ही स्वतः सोडली तरी नव्या वेतन संहितेप्रमाणं मजुरीचा हिशोब कामाच्या दोन दिवसांत व्हायला हवा, म्हणून राजीनामा देतानाच शिल्लक रजेचा आकडा लिहून घ्या.