विश्वामित्रीच्या पुलावर पाणी तपासायचं किट: काय घ्यावं, काय घरी ठेवावं

नदी-तलावांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नवं माणूस रुजू झालं, की लवकरच त्याच्या हाती पाणी तपासायची पेटी येते. पीएचच्या (पाणी आम्ल की अल्कली ते दाखवणाऱ्या) पट्ट्या, टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटर, थर्मामीटर, विरघळलेल्या ऑक्सिजनची द्रावणं, क्लोरीन आणि अमोनियाचे रंगतक्ते, जंतूंसाठी काळी पडणारी बाटली, असं सगळं त्या एका पेटीत भरलेलं असतं. बडोद्यात विश्वामित्रीसाठी अशी तयार पेटी घ्यावी का? घ्यावी. मात्र तिच्यातल्या निम्म्या वस्तू नदीवर न्यायच्या नाहीत, आणि जिच्यावाचून इथे काम होत नाही ती वस्तू पेटीत नसते.

ती वस्तू म्हणजे दोराला बांधलेलं, वजन लावलेलं नमुनापात्र. किटच्या पुस्तिकेत माणूस काठावर वाकून बाटली भरताना दाखवलेला असतो. विश्वामित्रीवर ते चित्र विसरायचं. ही नदी भर शहरातून वाहते आणि तिच्यात मगरी राहतात. काठाच्या मातीत त्यांची बिळं असतात. फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास त्या काठावर अंडी घालतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर येईपर्यंत मादी जवळपास कोणाला फिरकू देत नाही. त्यामुळे नमुना घ्यायचा तो पुलावरूनच, मग तो काळ्या घोड्याजवळचा पूल असो की दुसरा कुठला. स्वयंसेवकाला 'जरा खाली उतरून भरून आण' म्हणणाऱ्या संस्थेत काम करू नये, इतकं हे स्पष्ट आहे.

पुलावरून बादली सोडणं सोपं, पण ऑक्सिजनसाठी ती कुचकामी. बादली पाण्यावर आपटते, पाणी घुसळतं, हवा मिसळते आणि मेलेल्या पाण्यातही ऑक्सिजन दिसू लागतो. त्याऐवजी दोन लिटरची रुंद तोंडाची जाड बरणी घ्या, तळाला वजन बांधा आणि आत 300 मिलीची काचेची बीओडी बाटली (ऑक्सिजन चाचणीची, घट्ट बुचाची) बसवा. बरणीच्या झाकणाला दोन नळ्या हव्यात. एक थेट आतल्या बाटलीच्या तळापर्यंत जाते, दुसरी बरणीच्या वरच्या भागात उघडते आणि हवा बाहेर सोडते. बरणी बुडली की पाणी आधी बाटलीत शिरतं, मग ओसंडून बरणीत जातं. बरणी भरेपर्यंत बाटलीतलं पाणी पाच-सहा वेळा बदललेलं असतं. फॅब्रिकेशनवाल्याकडून असं पात्र करून घेता येतं.

आता खुद्द ऑक्सिजनची चाचणी. पेटीतला हा सगळ्यात मोलाचा भाग. बाटलीत मँगनीज सल्फेट 2 मिली आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड 2 मिली, दोन्ही पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून सोडायचं. बूच लावताना बुडबुडा राहू द्यायचा नाही. बाटली उलटसुलट करून ठेवली की गाळ तयार होतो. तपकिरी गाळ म्हणजे ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. गाळ खाली बसू द्या, पुन्हा हलवा, पुन्हा बसू द्या. मग तीव्र सल्फ्युरिक आम्ल 2 मिली घाला, म्हणजे गाळ विरघळून पाणी पिवळसर होतं.

इथे थांबायचं, हा आमचा आग्रह आहे. पुस्तिका पुढचं अनुमापनही (थेंबाथेंबाने द्रावण घालून मोजणं) जागेवरच करायला सांगते, पण वाऱ्यात, वाहनांच्या धक्क्यांनी हलणाऱ्या पुलावर थेंब मोजणं म्हणजे चुकांना आमंत्रण. आम्ल घातलेली बाटली अंधारात काही तास नीट राहते. कार्यालयात या, 200 मिली पाणी मोजून घ्या, 0.025 नॉर्मल तीव्रतेच्या सोडियम थायोसल्फेटने फिकट गवती रंग येईपर्यंत अनुमापन करा, मग स्टार्च घाला आणि निळा रंग जाईपर्यंत पुढे जा. जितके मिली लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. निळा रंग गेल्यावर झटकन परत आला तर नायट्राइटचा संशय घ्या. सांडपाण्याच्या नदीत ते असतंच, म्हणून त्याचा अडथळा काढणारं अझाइड ज्यात नाही असं स्वस्त किट घेऊच नका. थायोसल्फेट उन्हात तापलेल्या गाडीत ठेवलं तर कमजोर होतं, आकडे फुगतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. स्टार्चला बुरशी येते, ते थोडंथोडं ताजं करावं.

आकडा वाचताना तापमान हवंच. 30 अंशांच्या स्वच्छ पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम एवढाच ऑक्सिजन मावतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या पाण्याला किमान 5, तर मासे आणि वन्यजीवांच्या पाण्याला किमान 4 मिलिग्रॅम लागतो. विश्वामित्रीसाठी हा 4 चा आकडा आम्ही पहिल्यांदा बघतो. वेळही लिहा. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी भरपूर ऑक्सिजन असतो, पहाटे तेच पाणी गुदमरलेलं असतं. रविवारी सकाळी दहाला सवडीने घेतलेल्या नमुन्यावरून नदी बरी आहे असं कळवणं धोक्याचं आहे.

टीडीएस मीटरवर लोकांचा फार जीव. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि ठरावीक गुणकाने आकडा दाखवतो. त्याला मलमूत्र कळत नाही, कीटकनाशक कळत नाही. नदीत मात्र त्याचा एक खरा उपयोग आहे: नाल्याच्या वर आणि खाली मोजा, आकडा एकदम चढला तर तिथे काहीतरी येऊन मिळतंय. गणेशविसर्जनाच्या आधी आणि नंतर कृत्रिम तळ्यात मोजलं तर प्लास्टर ऑफ पॅरिसचा अंदाजही येतो.

पीएचच्या पट्ट्या पावसाळ्याच्या दमटपणात बाद होतात. मीटर घ्या, दर वेळी 7 आणि 9.2 च्या बफरने (ठरावीक पीएचच्या द्रावणाने) जुळवा. मीटरच्या टोकाचा काचेचा गोळा कोरडा किंवा डिस्टिल्ड वॉटरमध्ये ठेवू नका, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवा.

जंतूंसाठीची काळी पडणारी एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली नदीवर नेऊच नये. तिथे ती काळी होणारच, त्यातून नवं काय कळणार? पूर ओसरल्यावर वाड्यातल्या विहिरी, सोसायटीच्या टाक्या आणि बोअर तपासायला ती उत्तम. 24 ते 48 तास खोलीच्या तापमानात ठेवायची. काळी झाली तर उकळल्याशिवाय पिऊ नका असं सांगायचं, आणि बाटली ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात टाकूनच फेकायची. सोबत क्लोरीन तपासा. नळाच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवा. ऑर्थोटोलिडिन रसायनाचं, पिवळा रंग देणारं किट टाळून डीपीडी रसायनाचं, गुलाबी रंग देणारं घ्या, कारण ऑर्थोटोलिडिनवर कर्करोगाचा संशय आहे.

चमू तिघांचा असावा. एक दोर सांभाळणार, एक द्रावणं, तिसरा फक्त लिहिणार. तिसरा माणूस वाचवायचा मोह संस्थांना नेहमी होतो, आणि मग ओल्या हातांनी लिहिलेले, वेळ न टाकलेले आकडे मंडळापुढे उभेच राहत नाहीत. स्वयंसेवक आठवड्याला बदलले तरी चालेल, पण द्रावणांच्या मुदती आणि मीटर जुळवल्याची नोंद ठेवणारं माणूस पगारी आणि कायम हवं. निधी आला की आधी ही जागा भरावी.

अमोनियाची नेसलर चाचणी पेटीतून काढून टाका. तिच्यात पारा असतो आणि वापरलेलं द्रावण पुलावरून खाली ओतलं जातं, हे आम्ही चालवून घेणार नाही. सॅलिसिलेट पद्धतीचं किट मागा. ऑक्सिजन चाचणीचा उरलेला द्रव घट्ट झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये साठवून प्रयोगशाळेत द्या, धातूच्या मोरीत नको. आम्ल हाताळताना हातमोजे आणि चष्मा लागतो. तयार पेटीत बहुधा दोन्ही नसतात, तेव्हा मागणीपत्रातच लिहून घ्या.