होडीच्या मोटरीचे प्लग स्वतः बदलले, त्याला सात महिने झाले

ऑक्टोबरात गोव्यात शापोरा नदीच्या मुखाशी, मोरजीच्या वाळूच्या दांड्याजवळ, माझी मोटर एकदम अर्ध्या जोरावर आली. ओहोटी लागली होती आणि होडीत धाकटा भाऊ होता. मोटर १५ हॉर्सपॉवरची, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची. त्यातला एक गेला की आवाज फाटतो आणि होडी पाण्यात बसल्यासारखी होते. वल्हं मारत, मोटरीला गोंजारत कसेबसे चोपड्याला लागलो. तोवर प्लग, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा भाग, बदलण्याचं काम मी नेहमी दुसऱ्यावर सोपवत आलो होतो. त्या रात्री ठरवलं, हे आपल्याला आलंच पाहिजे.

पहिला धडा दुकानात मिळाला. ‘हाच बसतो’ म्हणून दिलेला प्लग घरी आणून जुन्याशेजारी धरला, तर त्याचे आटे बरेच लांब. माझ्या मोटरीला एनजीके कंपनीचा बी७एचएस-१० लागतो आणि हातात आला होता बी७ईएस. अक्षर एकच वेगळं, पण एच म्हणजे आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आणि ई म्हणजे १९. तो पूर्ण घट्ट केला असता तर टोक पिस्टनला लागू शकलं असतं. पुढचा ७ हा उष्णतेचा अंक. एनजीकेत अंक जितका मोठा तितका प्लग थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारा. शेवटचा १० म्हणजे टोकाशी ठिणगी पडते ती फट १ मिलिमीटरची. तेव्हापासून पुस्तिकेतला नंबर फोनमध्ये लिहून ठेवला आहे आणि दुकानात तोच दाखवतो. बरोबर नंबरचे दोन प्लग मिळून पाचशे रुपयांच्या आत आले.

शेजारचे काका आयुष्यभर मासेमारी करत आलेले. नवे प्लग हातात बघून म्हणाले, “आदीं पळय, मागीर बदल.” म्हणजे आधी बघ, मग बदल. हे एक वाक्य माझ्या सगळ्या खर्चापेक्षा मोलाचं ठरलं. मोटर पूर्ण थंड झाल्यावर, किल स्विचची दोरी काढून (ती काढली की ठिणगी पडत नाही), प्लगभोवतीची वाळू आणि मीठ आधी फुंकून साफ केलं, नाहीतर ते थेट सिलिंडरमध्ये जातं. प्लगवरची वायरची टोपी, म्हणजे कॅप, ओढताना वायर धरायची नाही, कॅपच थोडी फिरवून काढायची. दोन्ही प्लग काढून वरचा-खालचा अशी खूण करून ठेवली. वरचा बिस्किटाच्या रंगाचा, म्हणजे नीट जळणारा. खालचा काळा आणि तेलाने ओला.

मग काकांनी नवे प्लग लावू दिले नाहीत. जुनेच साफ करून वरचा खाली आणि खालचा वर लावायला सांगितलं. मोटर चालवून पुन्हा काढले, तर ओला निघाला तो पुन्हा खालच्याच सिलिंडरमधला. म्हणजे दोष प्लगचा नव्हता. खालची कॅप उघडून पाहिली, तर आतली स्प्रिंग मिठाने हिरवी पडलेली. कॅप बदलली आणि मगच नवे प्लग घातले. ही अदलाबदल केली नसती तर नवे प्लगही काही दिवसांत तसेच काळे झाले असते आणि मी प्लगलाच शिव्या देत बसलो असतो.

बसवताना घाई करू नये. प्लग ज्यात बसतो ते सिलिंडरचं हेड अॅल्युमिनियमचं असतं आणि एकदा आटे गेले की मोठा खर्च. प्लगच्या टोकावर पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा चढवून त्यानेच फिरवला. आटे चुकले तर नळी घसरते, जोर लागतच नाही. बोटाने घट्ट झाल्यावर पान्याने अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा लावताना वॉशर आधीच दबलेला असतो, तेव्हा फेऱ्याचा बारावा भाग पुरतो. आट्यांना ग्रीस लावायचा मोह खाऱ्या हवेत सगळ्यांनाच होतो. मी लावत नाही. ग्रीसमुळे पाना सहज फिरतो आणि नकळत जास्त आवळला जातो.

सात महिन्यांत साधारण ८० तास मोटर चालली. पूर्वी सकाळी आठ-दहा वेळा दोरी ओढावी लागायची, आता चोक देऊन दुसऱ्या ओढीला सुरू होते. याचं श्रेय मी एकट्या प्लगला देणार नाही. पूर्वी पेट्रोलमध्ये तेल अंदाजाने ओतायचो, जरा जास्त पडलं तर चांगलंच असं मानून. आता पन्नासास एक हे प्रमाण मापाने पाळतो, २५ लिटरच्या टाकीला ५०० मिलिलिटर. जाळ्यामागे तासभर हळू चालवलं की परतताना पाच-सात मिनिटं मोकळी पळवतो, तळाशी साचलेलं तेल जळून जातं. मिठावर मात्र इलाज नाही. प्लगच्या बाहेरच्या लोखंडावर डिसेंबरातच गंज दिसला, म्हणून महिन्यातून एकदा कॅप काढून पुसतो.

परवा पुन्हा काढून पाहिले. दोन्हीही बिस्किटी. फट किंचित वाढलेली होती, ती फक्त बाहेरची पट्टी हलकेच दाबून १ मिलिमीटरवर आणली. १ जूनपासून दोन महिने मासेमारीबंदी, होडी झावळ्यांच्या मांडवात जाईल. त्याआधी प्लग काढून दोन्ही सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडायचं आणि दोरी चार वेळा हलकी ओढायची. तेव्हाही किल स्विचची दोरी काढलेलीच हवी, कारण उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते आणि जवळ ठिणगी पडली तर ती पेटते. मग हेच प्लग परत लावून ठेवीन आणि नवी जोडी ऑगस्टसाठी डब्यात ठेवली आहे.