लस्पॅटरसेप्ट इंजेक्शन: रक्त चढवणं बंद होत नाही, पण दोन वेळांतलं अंतर वाढतं

धाकट्या बहिणीला बीटा थॅलेसेमिया मेजर (शरीरात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार) आहे, पंधरा-वीस दिवसांनी रक्त चढवायचं म्हणजे चढवायचंच, आणि नाशकात मे महिन्यात डोनर गावाला गेले की पिशवीसाठी फोनाफोनी ठरलेली. म्हणून डॉक्टरांनी हे सुचवलं. आता तीन आठवडे सहज निघतात, कधी चौथाही. रक्त सुटलं नाहीये पण आमच्यासाठी हेही खूप झालं.

किडनीवाल्यांना देतात ते एरिथ्रोपोएटिनच (लाल पेशी बनवायला लावणारं हार्मोन) ना हे, असं बरेच जण विचारतात. नाही हो. थॅलेसेमियात ते हार्मोन शरीर आधीच ढीगभर बनवत असतं, बोन मॅरो जीव तोडून काम करतो पण पेशी पूर्ण तयार व्हायच्या आतच मरतात, हे औषध त्या शेवटच्या टप्प्यात हात देतं. सगळ्यांना लागू पडत नाही मात्र. ३३६ पेशंटच्या ट्रायलमध्ये १३ ते २४ आठवड्यांच्या काळात रक्ताची गरज निदान एक तृतीयांश कमी झाली ती २१ टक्के लोकांची, डमी इंजेक्शनवाल्यांत साडेचार टक्के. कुठलेही सलग १२ आठवडे धरले तर आकडा ७० टक्क्यांवर जातो खरा, पण तसे धरले तर डमीवालेही २९ च्या पुढे जातात, तेव्हा कोणी नुसता ७० सांगितला तर हुरळून जाऊ नका.

दर तीन आठवड्यांनी, किलोमागे १ मिलिग्रॅमपासून सुरुवात, कातडीखाली. पावडर असते, सिस्टर त्यात पाणी घालून बाटली हळूच गोल फिरवतात, जोरात हलवायची नाही. हिचं वजन ४२, बाटली २५ ची, म्हणजे दोन फोडायच्या आणि ८ मिलिग्रॅम वाया, किंमत बघता जीव हळहळतो. एका मेडिकलवाल्यानं तर बर्फाशिवाय नुसत्या पिशवीत घालून दिलं! फ्रिजमधलं औषध आहे बाबांनो, आईस पॅक मागून घ्या.

सुरुवातीच्या डोसनंतर हाडं दुखली, नंतर कमी झालं. बीपी दर वेळी बघतात आणि डोसआधी हिमोग्लोबिनही. रक्त चढवून अंगात साचणारं लोह कमी करायच्या गोळ्या चालूच आहेत, त्या कोणी स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि प्लीहा काढलेली असेल तर रक्तात गुठळी व्हायच्या धोक्याबद्दल पहिल्या इंजेक्शनच्या आधीच डॉक्टरांना विचारा.

५ पैकी साडेतीन. कापलेला दीड निव्वळ किमतीचा.