लिज्जतचा उडीद पापड आणि त्यामागची संचालिका
लिज्जतचा उडीद पापड विस्तवावर धरला की बारीक फोड येत क्षणात फुलतो, कुठे जाड राहून कच्चा लागत नाही. आणि असंख्य घरांत हाताने लाटलेल्या मालाची ही एकसारखी जाडी मला त्याच्या चवीहूनही कौतुकाची वाटते. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या या संस्थेत शाखेचा कारभार संचालिका पाहते, आणि तीही सभासद बहिणींमधूनच पुढे आलेली असते. सकाळी शाखेतून मळलेले पीठ न्यायचे, घरी लाटून वाळवायचे आणि दुसऱ्या दिवशी पापड तपासून, वजन करून देऊन मजुरी घ्यायची, असा हा क्रम आहे. स्वतः पोळपाटावर वर्षे काढलेल्या बाईने जाड पापड बाजूला काढला, तर तो हुकूम न वाटता जाणकाराचा शब्द वाटत असावा. शिवाय नफ्यात प्रत्येकीचा वाटा असल्याने देखरेखीचा बराच भार आपोआप हलका होतो. व्यवस्थापनाचे प्राध्यापक याला सहभागी नेतृत्व म्हणतील. पापड मात्र तळण्यापेक्षा भाजूनच खावा, कारण तेलात मिरीचा झणका दबतो.