चंद्रावर जायचं कोणासोबत: व्हर्न की वेल्स?

यवतमाळकडच्या आमच्या गावातल्या वाचनालयात चंद्रप्रवासाच्या दोन जुन्या कादंबऱ्यांवरून सरळ दोन गट पडतात.

ज्यूल व्हर्नची १८६५ ची. फ्लोरिडात ९०० फूट लांबीची तोफ जमिनीत ओततात आणि अॅल्युमिनियमच्या गोळ्यात तीन माणसं बसवून उडवतात. शेतकरी वाचकांना ती धरून ठेवते, कारण तोफेच्या दारूच्या जागी व्हर्न कापूस वापरतो: नायट्रिक आम्लात भिजवून स्फोटक केलेला, तब्बल चार लाख पौंड! "आपल्या कापसात येवढा दम आहे काय रे बाप्पा?" असं एका काकांनी विचारलं, आणि पुढची सगळी संध्याकाळ त्यावरच गेली. शाळकरी पोरांची तक्रार वेगळी. अर्धं पुस्तक हिशेब आणि वर्गणीत जातं, शेवटीही कोणी चंद्रावर उतरत नाही. तक्रार खरी आहे. शिवाय तोफ उडतानाच्या धक्क्यात गोळ्यातली माणसं जागीच चिरडली असती.

एच. जी. वेल्सचं पुस्तक १९०१ चं. गुरुत्वाकर्षण अडवणारा पदार्थ तो सरळ कल्पनेनं आणतो. व्हर्नला हे अजिबात पटलं नव्हतं. पण चंद्रावरची पहाट वाचाच: गोठलेली हवा वितळते, बिया तडकतात, बघता बघता झाडोरा उभा राहतो. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर शेताचा धुरा, म्हणजे बांध, हिरवा होतो, तसं. खाली भुयारांत कीटकांसारखे चंद्रवासी. मुली हेच आधी मागतात.

माझं मत व्हर्नला, त्या हिशेबांसाठीच. पण नव्या वाचकाच्या हातात मी वेल्स देईन.