कोरी नोट की दुर्मीळ बँक? अमेरिकी ‘नॅशनल’ नोटा घेताना

अमेरिकेत १८६३ ते १९३५ या काळात केंद्र सरकारची सनद मिळालेल्या हजारो स्थानिक बँकांच्या नावाने नोटा निघाल्या. संग्राहक त्यांना नुसतं ‘नॅशनल’ म्हणतात. समजा, सारख्याच किमतीच्या दोन नोटा समोर आहेत. एक सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकाची, १९२९ च्या मालिकेतली, कोरी करकरीत. दुसरी वायोमिंगमधल्या एखाद्या लहान गावच्या बँकेची, घड्या पडलेली, मळकी.

पहिलीचं सगळं मोल कागदात आहे. या बँकेच्या, म्हणजे १३०४४ या चार्टर (सनद) नंबरच्या नोटा भरपूर उरल्यात, त्यामुळे ग्रेड (नोटेच्या स्थितीचा ७० पैकी अंक) जरा घसरली की भावही उतरतो. नोटा तपासून ग्रेड देणाऱ्या पीएमजी या कंपनीच्या ६५ आणि त्यावरच्या ग्रेडला ‘ईपीक्यू’ (कागद मूळ स्थितीत असल्याचा) शेरा असतोच. ६४ ला तो नसेल तर कागद धुतलेला किंवा दाबून सपाट केलेला असू शकतो. विकायला मात्र ही सोपी.

दुसरीचं मोल बँकेत. त्या चार्टरच्या आज किती नोटा माहीत आहेत, हे आधी काढा. किती छापल्या होत्या त्यावर जाऊ नका, कारण बहुतेक नोटा परत जाऊन नष्ट झाल्या. तीन-चारच माहीत असतील तर व्हीएफ (व्हेरी फाइन) २० काय, त्याहून खालची, बरीच वापरलेली फाइन १२ सुद्धा चालते. याहून चांगली कदाचित अस्तित्वातच नसेल. पेन्सिल्व्हेनिया, न्यूयॉर्कच्या नोटा मुबलक. नेवाडा, अ‍ॅरिझोना, अलास्काच्या विरळ. पण नुसत्या राज्याच्या नावावर भाळू नये. होनोलुलूच्या ५५५० चार्टरची १९२९ ची नोट बाजारात बऱ्यापैकी दिसते. दुर्मीळ बँकेचे धोके दोन: कुठून तरी जुना गठ्ठा बाहेर येणं, आणि गिऱ्हाइकं मोजकी असणं. लिलावात दोघे हटून बसले तर भाव चढतो, एकटाच असेल तर पडतो.

बँक एकच असेल तर १९२९ पूर्वीची मोठी नोट (सुमारे १८९ × ७९ मिमी) सहसा अधिक मागणीची. तिच्यावर अध्यक्ष आणि कॅशियरच्या सह्या पेनाच्या किंवा शिक्क्याच्या असू शकतात. उडालेली सही नंतर कुणी गिरवली असेल तर भाव पडतो. १९२९ च्या लहान नोटेचे दोन प्रकार आहेत: टाइप १ वर चार्टर नंबर काळ्या शाईत दोनदा असतो. टाइप २ वर तो तपकिरी शाईत आणखी दोनदा. टाइप २ थोडाच काळ निघाली, म्हणून बऱ्याच बँकांची तीच जास्त दुर्मीळ. तपकिरी शिक्का आहे पण चार्टर नंबरच नाही, अशी १९२९ ची नोट फेडरल रिझर्व्ह बँकेची. तिचा हिशेब वेगळा.

आमचा कौल वायोमिंगच्या बाजूने, पण एका अटीवर. घड्या आणि मळ चालेल, डागडुजी नको. नोट उजेडासमोर धरून टाचणीची भोकं आणि सांधलेल्या चिरा पाहा, चारही कडा मोजून कुठे कातरलेली नाही ना ते तपासा. ग्रेडिंग कंपनीच्या लेबलवर ‘नेट’ (म्हणजे नोटेत दोष किंवा डागडुजी आहे) असं लिहिलं असेल तर त्याच ग्रेडच्या निर्दोष नोटेचा भाव देऊ नका.